जाऊबाईंची थेट जोडणी

आमच्या जाऊबाईंना मधला माणूस चालत नाही. कसलाच. घर घेताना दलालाला वाटेला लावून त्या थेट मालकाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. लग्नाचंही तेच. मोठ्या दिरांचा निरोप घेऊन त्यांचा मित्र गेला, तर म्हणाल्या, "निरोप्याला काय उत्तर देऊ? ज्याला लग्न करायचंय त्याला पाठव." दीर गेले, आणि तेव्हापासून आजतागायत बोलायची संधी शोधतायत.

मी त्यांची धाकटी जाऊ. ड्रायव्हिंग शिकवते, त्यामुळे आवाज चढा आणि जीव कायम मुठीत. एका घरात, एका ओट्यावर आम्ही दोघी, म्हणजे भांड्याला भांडं लागायचंच. पण बाई कामाची आहे. हे त्यांच्या तोंडावर मी मेले तरी म्हणणार नाही.

त्यांचं काम काय, हे समजायला मला वेळ लागला. "मी क्लाऊडमध्ये असते," असं त्या म्हणाल्या की सासूबाई आधी वर बघायच्या. तर ढग-बिग काही नाही. एक मोठी थंडगार खोली असते, तीत कपाटांसारखी यंत्रं. काही कपाटांत नुसत्या डिस्क, लोकांची माहिती ठेवायला. काहींत कॉम्प्युटर, आणि एकेका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात बरीच मानलेली मशिनं. मानलेला भाऊ असतो ना, तशी. रक्ताचं नातं नाही, पण राबतात खऱ्यासारखी. या मानलेल्या मशीनला डिस्कवरचं काही हवं असलं की मधे एक कारभारी प्रोग्रॅम बसलेला असतो. मागायचं त्याच्याकडे, ठेवायला द्यायचं तेही त्याच्याकडे. जाऊबाईंना हा कारभारी डोळ्यांसमोर नको. "डिस्क थेट मशीनला जोडा, मग बघा कसं पळतं!" पळायचंही. गिऱ्हाइकं खूश. ऑफिसात त्यांना 'डायरेक्टबाई' म्हणतात आणि त्यांना ते आवडतं, आता बोला.

आमचे सासरे, म्हणजे मामंजी, बसस्थानकावर उद्घोषक होते. आवाज असा की बाकावर झोपलेला माणूस दचकून उठायचा आणि भलत्याच बसमध्ये चढायचा. त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. मामंजी घरी आले, बूट काढता काढता म्हणाले, "मग माझ्यात उरलं काय?" मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्यावरच ओरडले.

जाऊबाई दुसऱ्याच दिवशी तोड घेऊन आल्या. आवाजाचे उपचार करणारं एक क्लिनिक त्यांच्या कंपनीचं गिऱ्हाईक होतं. ऑपरेशनआधी माणसाचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचं, त्यातून मशीन त्याचा आवाज शिकतं. पुढे माणसाने टाइप करायचं, की मशीन त्याच्याच आवाजात बोलणार. मामंजींची कळी खुलली. इस्त्रीचा शर्ट घालून रोज सकाळी क्लिनिकला जायला लागले. तिथली थेरपिस्ट वाक्यं पुढे ठेवायची आणि हे छाती काढून वाचायचे, जणू समोर सगळं स्थानक उभं आहे.

ऑपरेशन जवळ आलं, पण क्लिनिकचं काम रखडत होतं. एक मशीन बोलणं रेकॉर्ड करून डिस्कवर ठेवायचं, दुसरं त्यावरून शिकायचं, आणि दुसऱ्याला पहिल्याची वाट बघत बसावं लागायचं. मामंजींना तर आपला नवा आवाज ऑपरेशनआधी ऐकायचा होता. जाऊबाई म्हणाल्या, "एवढंच ना? ती डिस्क मी दोन्ही मशिनांना थेट जोडते." स्क्रीनने विचारलं, शेअर करायची? यांनी हो म्हटलं आणि चहा प्यायला गेल्या.

या शेअरनेच घात केला. आपण समजतो, शेअर म्हणजे वाटून, एकमेकांना विचारून. डिस्कच्या भाषेत शेअर म्हणजे दार दोघांना उघडं, बस्स! एक आत असताना दुसरा आलाय, हे एकालाही कळत नाही. एकमेकांना विचारायची शिस्त वेगळी लावावी लागते, किंवा मग लिहायची मुभा एकालाच द्यायची. माझ्या शिकवायच्या गाडीत ब्रेक दोघांना असतो, पण स्टेअरिंग एकच. हे कळायला क्लाऊडमध्ये जायची गरज नाही हो! दोन्ही मशिनं एकाच जागी आपापलं लिहीत सुटली आणि डिस्कचा पार चुथडा झाला.

जाऊबाईंनी मला हे ओट्यापाशी उभं राहून सांगितलं. मी म्हटलं, "ताई, कुठेतरी प्रत असेलच की."

"रोजची प्रत कारभारी ठेवायचा."

म्हणजे ज्याला यांनी मधून हाकललं, तोच! त्याचं ते काम दुसऱ्या कुणावर सोपवायचं राहून गेलं होतं.

"मामंजींना तू सांगशील का गं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. "मी मधे पडणार नाही," म्हटलं. "तुम्ही सांगा. मी शेजारी बसते."

त्यांनी सांगितलं, आडवळण न घेता. "मामंजी, तुमचं सगळं रेकॉर्डिंग माझ्या हातून गेलं." तोवर मामंजींचा घसा पार बसला होता. त्यांनी विचारलं, "सगळं?" आणि तो एक शब्दही फाटला. "हा असला आवाज मागे ठेवू होय? नको. राहू दे." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. जेवायलाही उठले नाहीत.

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. या रजा टाकून माइक घेऊन त्यांच्या पलंगाशी बसल्या. "वाचू नका काही. मला शिव्या द्या. मी त्याच लायकीची आहे."

 मामंजी वळले आणि सुरू झाले. अक्कल काढली, माहेर काढलं, त्यांच्या हातचा चहा काढला. त्यानंतर गाडी दिरांवर आली, तिथून माझ्या ड्रायव्हिंगवर, मी काय बिघडवलं होतं कोण जाणे! दम लागला की थांबायचे, पाणी मागायचे, सासूबाईंना हाका मारायचे. माइक सुरूच होता. या खेपेला एकच मशीन लिहीत होतं, दुसऱ्याला नुसतं वाचायची मुभा होती आणि कारभारी पुन्हा कामावर रुजू झाला होता. ऑपरेशनला न्यायची वेळ झाली तरी मामंजी बोलतच होते.

ते घरी आले ते गळ्याला पट्टी बांधून. काही दिवसांनी जाऊबाईंनी मशीन त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यातून काय बाहेर पडणार याची मलाच धास्ती होती. सासूबाई आत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मामंजींनी एका बोटाने अक्षरं शोधत काहीतरी टाइप केलं, आणि मशीन बोललं, घोगरं, थोडं वैतागलेलं, पहिलं अक्षर चांगलं लांबवून.

"अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

स्थानकावरचा तो भारदस्त आवाज नव्हता हा. तो गावाने ऐकला होता. हा घरातला होता, आमचा.

"आले, आले! डोक्यावर असेल, बघा तिथेच!" आतून सासूबाई म्हणाल्या आणि घडी हातात घेऊनच बाहेर आल्या. मामंजींच्या गळ्याची पट्टी दिसली तेव्हा आपण कुणाला ओ दिली हे त्यांच्या लक्षात आलं. त्या मशीनजवळ येऊन बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "परत एकदा हाक मारा ना."

मामंजी एका बोटाने 'अ' शोधायला लागले.