कोरा सोडलेला गाल

“भैया, तुम्ही इकडून चला ना,” असं म्हणत ती आधी माझी बाजू बदलायची आणि मगच चालायला लागायची. तिच्या डाव्या गालावर कोडाचे डाग होते. बरोबरच्या माणसाला उजवाच गाल दिसावा, अशी तिची धडपड. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. आपण त्यांना भिडस्त म्हणतो आणि मोकळे होतो.

जबलपूरच्या आमच्या कचेरीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे डबा एकत्र. तेव्हाही तिचा डावा गाल भिंतीकडे. पावडर इतकी लावायची की डबा उघडला तरी आधी तिचाच वास.

“काहून हसून राहिले?” ती विचारायची.

“आज वरणाला गुलाबाचा वास आहे,” मी म्हणायचो. मग तीही हसायची, पण तोंड न वळवता.

पुढे साहेबांच्या डोक्यात आलं की कर्मचाऱ्यांचं मन प्रसन्न राहिलं पाहिजे. म्हणून शनिवारी दुपारी चित्रांचा वर्ग सुरू झाला. समुपदेशन करणाऱ्या एक मॅडम यायच्या. “आँखें बंद कीजिए। जहाँ मन को अच्छा लगता है, वहाँ खुद को देखिए। अब वही बनाइए।” मला डोळे मिटले की झोप यायची. माझं आंब्याचं झाड तर मॅडमनी कागद उलटा धरूनही बघितलं.

ती मात्र दर वेळी भेडाघाट काढायची. दोन्हीकडे संगमरवराचे कडे, मधे नाव, नावेत एक बाई, आणि त्या बाईची पाठ आपल्याकडे. मॅडमनी तिला कधी ‘चेहरा काढा’ म्हटलं नाही. “ये क्या देख रही है?” एवढंच विचारायच्या. ती म्हणायची, “पानी.”

असे कितीतरी शनिवार गेले आणि एकदा नावेतली बाई वळली. चेहरा गव्हाळ रंगवलेला, डाव्या गालावर मात्र कागद तसाच कोरा.

“यहाँ रंग रह गया?” मॅडमनी विचारलं.

“रहा नहीं, मैडम. छोड़ा है.”

संध्याकाळी निघताना मी सवयीनं बाजू बदलायला लागलो, तर म्हणाली, “राहू द्या भैया, आहे तिकडूनच चला.” मला फार आनंद झाला. त्यानंतर पावडर बंद झाली. चुलत बहिणीच्या लग्नात ती पहिल्या रांगेत बसली, हेही तिनंच मला दोनदा सांगितलं.

हे सुख तिला फार थोडं मिळालं. त्याच वर्षी तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. जेमतेम चाळिशीची होती. उभा जन्म तोंड लपवण्यात गेला आणि उघड्या तोंडानं वावरायला काही महिनेच आले, याची हळहळ अजून जात नाही.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या बौद्ध रीतीच्या दिवसकार्याला, कांचघर मोहल्ल्यात तिच्या घरी गेलो. मेणबत्त्यांमागे तिचा मोठा फोटो ठेवला होता. दोन्ही गाल एकसारखे, गुळगुळीत. धाकट्या भावानं स्टुडिओत सांगून डाग काढून टाकले होते.

“जिंदगीभर ताईला त्याचाच त्रास होता ना भैया,” तो म्हणाला. “आता तरी साफ दिसली पाहिजे.” रडून त्याचे डोळे सुजले होते. घरी ती चित्राबद्दल काही बोललीच नव्हती. मी सांगायला लागलो, तेवढ्यात बुद्धवंदना सुरू झाली.

वंदना संपल्यावर तिच्या म्हाताऱ्या आईला धरून फोटोजवळ आणलं. तिनं हातातलं फूल वाहिलं नाही. नुसती बघत राहिली.

“ही कोण आहे रे?”

“आई, ताईच आहे ना.”

“माझ्या पोरीच्या गालावर डाग होते,” म्हातारी म्हणाली, आणि फूल हातात तसंच धरून दाराकडे बघत बसली.