कैची आईची, पत्ते माझे

टॅरोचे पत्ते म्हटलं की लोक नाक मुरडतात. मुरडू देत. मी हे काम चांगलं करते. तुमसरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दुपारी बायका येतात, दिवाणावर मांडी घालून बसतात आणि विचारतात. मुलीचं जमेल का, मुलगा बंगलोरहून परत येईल का, जाऊ खरंच आजारी आहे की सोंग करते. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. मी पत्ते पिसते, समोरचीला त्यातून काढायला लावते आणि चित्र दाखवत तिच्याशी बोलते. निम्मं उत्तर चित्रात असतं, उरलेलं तिच्या तोंडावर. मला दोन्ही वाचता येतं, आणि उगाच विनय दाखवायला मी काही निवडणुकीला उभी नाही.

पिसायचं मात्र मीच. ते दुसऱ्या कोणाला करू देत नाही. पिसता पिसता समोरची बाई गप्प होते, श्वास संथ होतो, मग ती खरं बोलते. माझं सगळं काम त्या पिसण्यावर उभं आहे.

म्हणून हात मोडला तेव्हा मी हादरले. धान निघायचे दिवस होते. राइस मिलकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांतून रस्त्यावर धान सांडलेलं होतं, त्यावरून माझी स्कूटी घसरली आणि उजवं मनगट गेलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात माझाच होता, पण ऐकत नव्हता. अंगठा आणि बोटं पुरती फाकत नव्हती. माझे पत्ते मोठे, त्यात प्रत्येकाला चारी बाजूंनी बोटभर पांढरी कड. पहिल्याच दिवशी एका बाईसमोर सगळा गठ्ठा मांडीवर सांडला. ती बिचारी म्हणाली, "राहू द्या ताई, मीच पिसते." मी तिला चहा पाजला आणि घरी पाठवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन एक डबा आपटला.

आई तेव्हा माझ्याकडेच होती. सानगडीला ती एकटी राहते. किती वर्षांपासून मी म्हणते, इथे येऊन राहा. तिचं उत्तर ठरलेलं: "लेकीच्या घरी काहून राहू? लोक का म्हनतीन?" आमच्याकडे आईने लेकीच्या घरी कामापुरतं यावं. बाळंतपण, लग्न, आजारपण. काम झालं की पिशवी उचलावी. माझं मनगट मोडलं म्हणून ती आली होती, आणि मनगट जुळलं की जाणार होती. हे तिने दारात पाय ठेवतानाच सांगून टाकलं होतं.

नवरा म्हणाला, लहान पत्ते मिळतात, मागवून घे. मी म्हटलं, तुम्ही मोठ्याने घोरता म्हणून मी दुसरा नवरा मागवला का? या पत्त्यांना माझी सवय आहे, मला त्यांची. दोष कडेचा आहे, तर कड कापायची. चित्र तेवढं ठेवलं की पत्ता साध्या खेळायच्या पत्त्याएवढा होतो, मुठीत बसतो.

लग्नपत्रिका छापतात त्या दुकानात पत्ते घेऊन गेले. तिथे मोठं कटिंग मशीन आहे. दुकानदार म्हणाला, आणा, एका दमात उडवून देतो. मी त्याला चार पत्ते एकावर एक धरून दाखवले. चित्र कुठे डावीकडे सरकलेलं, कुठे वर. एका दमात उडवले असते तर कोणाचा मुकुट गेला असता, कोणाचा पाय. हे काम एकेक पत्ता हातात घेऊनच करायचं होतं, आणि माझा हात तर रुसलेला.

"दे इकडं," आई म्हणाली. "कैचीनंच कापाचं हाय ना?"

आईने जन्मभर बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता म्हणजे बिडीचं पान, त्या पानावर पत्र्याचा फरमा ठेवून त्याच्या कडेने कैची फिरवायची. ते काम सुटून बरीच वर्षं झाली, पण ती कैची अजून तिच्या पिशवीत असते. मी बाजारातल्या पत्रेवाल्याकडून चित्राच्या मापाचा फरमा करून आणला, कोपरे गोल करून. आईने त्यावर बोट फिरवलं, एका जागी खरखरीत लागलं तिथे उंबऱ्यावर घासलं आणि सूप घेऊन बसली.

पहिला पत्ता कापताना मी श्वास रोखून होते. कड निघाली तशी खालची नावाची पट्टीही निघाली.

"नाव कापलं वो," आई थांबली. "आता वळखशीन कशी?"

"तू आपल्या गाई गळ्यात पाटी बांधून वळखत होतीस का?"

ती हसली आणि पुढचा पत्ता घेतला. चित्रं बघून तिची टीका चालायची. हा राजा जेवला नाई वाटते. ही बाई एवढ्या तलवारी घेऊन का करून राहिली? कंदीलवाला म्हातारा तिला आवडला. "याले घरी कोनी नाई वाटते," ती म्हणाली आणि त्याच्या कडेने जरा हळू कैची फिरवली. दोन दिवस आमची खोली नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांनी भरली होती. मला खूप बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आले तर उरलेले पत्ते सुपात नव्हते. मोरीजवळ ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलेलं दिसलं. मी ते उघडलं. आत माझे पत्ते होते.

बिडीवाल्या घरात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. तेंदूपत्ता कोरडा कापला तर तडकतो, म्हणून आधी भिजवून ओल्या गोणपाटात ठेवतात. आईला हे पत्ते कडक वाटले, कैचीला जड जात होते. तिने नरम करायला ठेवले.

"आई, हे का केलं वो! कागद हाय तो! भिजवाचा असते का?" मी इतकी ओरडले की समोरच्या घरची बाई गॅलरीत आली.

आई पदराने एकेक पत्ता टिपू लागली. पत्ते फुगले होते, कोपऱ्यांवरची चकाकी सुटली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच. एक पत्ता गेला तरी गठ्ठा गेला, आणि गठ्ठा गेला की माझी दुपार गेली, बायका गेल्या, मी नुसती हात मोडलेली बाई उरले. हे सगळं मी तिला मोठ्या आवाजात सांगितलं.

"झालं तुहं बोलून?" तिने विचारलं. "मंग तांदळाचा कट्टा कुठं हाय ते सांग."

पंख्याखाली वाळवून आम्ही ते पत्ते जुन्या धोतराच्या घडीत ठेवले आणि वर तांदळाचं भरलेलं पोतं ठेवलं. कट्टा उचलून ठेवताना नवऱ्याची कंबर धरली, तेवढीच करमणूक. मी ओरडले याचं मला वाईट वाटत होतं, पण पत्ते बघितल्याशिवाय माझ्याने गोड बोलवत नव्हतं. असा माझा स्वभाव आहे, आणि तो मला आईकडूनच मिळाला आहे.

दोन दिवसांनी कट्टा हलवला. पत्ते सपाट निघाले. थोडे जाड, कोपऱ्यांत जरा फिकट, पण सपाट. आईने ते कोरडेच कापले, ओठ घट्ट मिटून.

त्या दुपारी मी दिवाणावर बसले आणि अख्खा गठ्ठा उजव्या मुठीत घेतला. बसला. अंगठा या कडेला, बोटं त्या कडेला, ओढाताण नाही. पिसायला सुरुवात केली. मनगट दुखलं, पण पत्ते एकात एक जात राहिले, तोच जुना आवाज. मी पुन्हा पिसले, पुन्हा पिसले, एकही निसटला नाही. माझं काम मला परत मिळालं होतं. "आई, पाह्य इकडं!" मी ओरडले.

आई हात पुसत आली, दारात उभी राहिली. "जमलं वो बाई," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला. मग ती म्हणाली, "चाल, उद्या सकाळच्या गाडीनं जाईन मंग मी."

ती दोरीवरून लुगडं काढून खाटेवर बसली आणि घडी घातली. मग ती घडी उलगडून पुन्हा घातली. मग पुन्हा. मी सांगितलंच आहे, मला माणसं वाचता येतात. राहा म्हटलं असतं तर उत्तर मला पाठ होतं.

"आई, जाऊ का राहू ते पत्त्यांले तरी विचार," मी म्हटलं.

"मले कायले विचाराचं हाय?" म्हणाली, पण येऊन समोर बसली.

मी पिसायला घेतलं. पत्ते सुरळीत फिरत होते. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि बोटं सोडून दिली. पत्ते दिवाणावर, जमिनीवर, टेबलाखाली, सगळीकडे झाले.

"नाई वो आई," मी म्हटलं. "हात कुठं जमला अजून?"

आईने माझ्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"कवा जमंन?"

"का सांगाव. आंब्याच्या दिवसांपर्यंत तरी काही खरं नाई."

"तरी मी म्हनतच होती," आई म्हणाली. "एवढ्या लवकर हाड जुळत नाई." ती गुडघे धरून खाली बसली आणि टेबलाखालचे पत्ते गोळा करू लागली. तिथूनच तिने विचारलं, "संध्याकाळी भाजी कायची करू?"