उजव्या काठाचा कौल

अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट शहरात मी पहिले काही महिने राहिले, ते दोह्यात बसून.

त्याचं असं झालं. वर्ल्ड कप जवळ आला होता, सगळं दोहा खणून ठेवलं होतं, आणि माझा नवरा संदेश त्या खणण्यातच नोकरीला होता. (रस्त्याखालची गटारं. लग्न ठरताना 'मुलगा इंजिनिअर आहे' एवढंच सांगितलं होतं!) रस्ते होत आले तशी नोकरीही संपत आली, आणि तेवढ्यात अमेरिकेतल्या एका कंपनीने त्याला बोलावलं. कंपनी मिसिसिपी नदीच्या काठी. नदीच्या एका बाजूला डॅव्हनपोर्ट, समोरच्या बाजूला रॉक आयलंड, मधे पूल. दोन्हीपैकी कुठल्याही गावात घर देतो, म्हणाले, फक्त कुठलं ते कळवा. एकदा कळवलं की वर्षभर बदल नाही.

मी नाशिकची. मला नदी हवी होती. दोह्याला समुद्र आहे, छान शिस्तीचा आहे, पण तो आपला जागच्या जागी असतो. नदी कुठून तरी येते आणि कुठेतरी जाते, तिच्याकडे बघत भाजी निवडता येते. लग्नानंतर इतकी वर्षं मी बिन महमूदमधल्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या फ्लॅटचे एसी बघत भाजी निवडली होती. आणि अशात मला तो फोटो सापडला. संध्याकाळची वेळ, काठाने दिवे लागलेल्या इमारती, एक उंच आकाशपाळणा, पुलाच्या कमानी, आणि ते सगळं तसंच्या तसं पाण्यात उतरलेलं. खाली लिहिलं होतं, डॅव्हनपोर्ट.

मग काय! संध्याकाळी कुकर लावला की मी मोबाइल घेऊन सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची आणि निघायची. बाहेर धुळीने आभाळ तांबूस झालेलं, एसीची घरघर चाललेली, आणि मी तिकडे पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यात. पडदे ठरले. तुळशीची खिडकी ठरली. शेजारीण कशी असावी तेही ठरलं. (जाडशी, हसरी, दुसऱ्यांच्या भांडणात न पडणारी.) सुखाने माझे डोळे मिटायचे आणि भात लागायचा.

संदेश मात्र रॉक आयलंडला जाऊन बसला होता.

"अगं, डॅव्हनपोर्टला पुराची भिंतच नाही! नदी सरळ गावात शिरते. रॉक आयलंडला बघ, कशी मस्त भिंत बांधलीय!"

"शिरू दे की. नाशकात गोदावरी शिरतेच. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की आम्ही बघायला जायचो."

"तिथे मारुती नाहीये!"

"आपण नेऊ."

भिंतीच्या प्रेमात पडलेल्या माणसाशी काय बोलायचं? तो म्हणायचा, नदी लांबून बघावी. मी म्हणायची, मग इथेच बस, इथून पुष्कळ लांब आहे. हळूहळू आमचे दोन संसार झाले. माझं घर नदीच्या उत्तरेला, त्याचं दक्षिणेला. एकदा तो ऑफिसातून उशिरा आला.

"आज पुन्हा नवं डायव्हर्जन," तो बूट काढत म्हणाला.

"बघ! तिकडे राहिलास म्हणून पूल ओलांडावा लागला!" मी बोलून गेले.

त्याने दुसरा बूट काढला. मग तो शांतपणे म्हणाला, "पुलाचा काही संबंध नाही. शाळेपाशी गर्दी होती." (कुठली शाळा, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं, रॉक आयलंडचीच.)

आमची लेक इरा हे सगळं टोस्ट खात बघत होती. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. "गाइज, यू आर फायटिंग ओव्हर अ फोटो," ती म्हणाली. लहान मुलांना नदीतलं काय कळणार, म्हणून मी तिला खोलीत अभ्यासाला पाठवलं.

शेवटी कंपनीचा निरोप आला, रविवारी सकाळपर्यंत सांगा, नाहीतर जे घर उरेल ते. शुक्रवारचा अख्खा दिवस आम्ही अबोल्यात घालवला. तेव्हा माझ्या सासूबाई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आल्या होत्या. त्या सावंतवाडीकडच्या. त्यांच्या गावात सोयरीक असो, विहीर असो, देवाला कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. ज्या बाजूची पाकळी पडेल तो देवाचा निर्णय.

"तुमचां भांडान काय सरणा नाय," त्या म्हणाल्या. "आता देवाकच इचारूया."

शनिवारी सकाळी अल मन्सूराच्या दुकानातून शेवंती आणली. सासूबाईंनी गावाहून आणलेला दगडी गणपती पाटावर मांडला.

"उजवी पडली तर हिचो गाव, डावी पडली तर तुजो."

"आपली उजवी की देवाची उजवी?" संदेशने विचारलं. इंजिनिअरच तो!

"देवाची! देव काय तुज्या खुर्चीत बसान बघता?"

गाऱ्हाणं झालं. 'बा गणपती म्हाराजा, ह्या दोघांक अक्कल दी आणि घर दी,' असं त्याचं थोडक्यात स्वरूप होतं. मग आम्ही चौघं बघत बसलो. पाकळ्या हलेनात. चहा गार झाला. दोह्याच्या एसीत ओल्या पाकळ्या वाळून मूर्तीला पापडासारख्या घट्ट बसल्या होत्या. तेवढ्यात संदेशने हळूच रिमोट उचलला आणि एसीची झडप देवाच्या डावीकडे वळवली.

"गरम होतंय," तो म्हणाला. अंगावर स्वेटर होता!

मी उठून बरोबर झडपेसमोर उभी राहिले. "मला पण."

"बाजूला हो, आईला वारा लागत नाहीये."

"आईंना वाऱ्याने त्रास होतो!"

"गप रवा रे दोघाय!" सासूबाई कडाडल्या आणि रिमोट त्यांनी कमरेला खोचला. खोचताना कुठलं तरी बटण दाबलं गेलं, एसी बंद पडला, आणि त्याची घरघर थांबली. हसू नका, पण त्या वाळक्या पाकळीवर माझं सगळं आयुष्य चिकटलंय असं मला खरंच वाटत होतं. मी डोळे मिटले. समोर पाण्यात दिवे हलत होते.

आणि खाली गल्लीत रोड रोलर सुरू झाला.

आधी कपबशा किणकिणल्या. मग पाट थरथरला, गणपती थरथरला, आणि देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी अलगद सुटून पाटावर पडली. डॅव्हनपोर्ट!

"हे चीटिंग आहे!" संदेश ओरडला. "तो रोलर होता! माझ्याच प्रोजेक्टचा रोलर! मीच काल त्यांना म्हटलं, यल्ला, चला, उद्या एवढी गल्ली उरका!"

"मगे? देवाक रोलर वर्ज्य आसा काय?" सासूबाईंनी विचारलं.

रविवारी सकाळी त्याने मान खाली घालून डॅव्हनपोर्ट कळवलं. खलास!

वर्ल्ड कपचा पहिला सामना व्हायच्या आत आम्ही दोहा सोडलं. डॅव्हनपोर्टला पोचलो त्या संध्याकाळी बॅगासुद्धा न उघडता मी चहा केला, कप घेतला, आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडली. नदी होती. केवढी थोरली नदी! कडेला पूलही दिसत होता. बाकी समोर होती एक लांबच लांब भिंत आणि तिच्यामागे चार ठेंगणी छपरं.

"दिवे कुठायत?" मी म्हटलं. "आकाशपाळणा? त्या इमारती?"

इराने माझ्या मोबाइलमधला फोटो पाहिला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आई, यू आर स्टँडिंग इन इट."

फोटो समोरच्या काठावरून काढला होता. रॉक आयलंडवरून.

सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि मी अक्षरशः रडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "देवान घर दिल्यान गो. ता खयसून दिसता, ह्यां तू इचारलंस खय?"

संदेश शीळ घालत बॅगा उघडत होता. (त्याला बोलायची गरजच नव्हती.) दुसऱ्या दिवशी त्याने थर्मास भरला आणि मला गाडीत बसवून पुलापलीकडे नेलं. आता रोज संध्याकाळी आम्ही त्याच्या त्या लाडक्या भिंतीला टेकून माझं शहर बघतो. निघताना मी स्वयंपाकघरातला दिवा मुद्दाम लावून येते. अंधारलं की तो पाण्यात उतरतो, लांबच लांब होतो, हलत राहतो. अशा खिडकीत भाजी निवडणारी बाई किती सुखी असेल, असं मनात येतं, आणि मला रोज तिचा हेवा वाटतो.