औंढ्याला नेलेला कोरा फॉर्म

परवा समितीकडून घरी आलं ते असं: बाळाची सहा झबली, चार टोपडी, डिंकाचे लाडू एक किलो. मिळून आठशे चाळीस रुपये. दोन दुपटी मी जुन्या साड्यांची शिवली, ती फुकट. आणि एक कोरा सरकारी फॉर्म, तोही फुकट. परदेशातून जीव वाचवून आलेल्यांना दवाखाना, शाळा मिळावी म्हणून आमची ही छोटी समिती धडपडते. मी दहावी झालेली. सामान पोचवायला तेवढं पुरतं.

चिंचवडहून सकाळची लोणावळा लोकल धरली. डबा घरचाच न्या, स्टेशनबाहेर सगळं महाग. पुढे औंढ्याला शेअर रिक्षा, माणशी वीस. भात कापून झाला होता, खाचरं मोकळी पडलेली.

जरीना अफगाणिस्तानची. नवरा गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये फुलांच्या जुड्या बांधतो. दोघं सखाराम आबांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतात. तिचा आठवा सरत आलाय, आणि दवाखान्यात नाव घालायला राहण्याचा पुरावा मागतात. तो मिळायचा तर आबांनी भाडेकरूचा फॉर्म पोलिसांत द्यायला हवा. झबली बघून ती हसली, पण नजर फॉर्मवरच.

“माणसं लय गुणाची,” आबा म्हणाले, “पण सही न्हाई करायचो. आजवर कळवलं न्हाई, आता मलाच आत घालतील.”

“आबा,” मी म्हटलं, “उशीर झाला म्हणून सांगायचं. लपवण्यात जास्त धोका.”

तेवढ्यात आबांची बायको, पारूमावशी, सुपात नारळ, तांदूळ, खण घेऊन आली. “चालंल का गं पोरी, तुमच्यात?” जरीनानं ओढणी पसरली. मावशीनं ओटी भरली आणि ती आबांकडं वळली.

“अवो, ओटी भरली म्या. आता हे तिचं माहेर. माहेरचा पत्ता द्यायला भ्या वाटतंय व्हय?”

आबांनी टोपी काढली, फॉर्मची घडी करून आत ठेवली. “सोमवारी जातो. एकटाच. बाया संगं आल्या तर गावभर व्हईल.”

येताना शिरगावला साईंचं दर्शन घ्यायचं ठरवलं होतं. उतरलेच नाही. जरीनाचं नाव दवाखान्यात लागलं की जाईन.

आता घरी देवापुढं दिवा लावते, पण लक्ष दारातल्या टपालपेटीकडं. आबांकडं फोन आहे, पण ते उचलत नाहीत. म्हणून माझा पत्ता लिहून, तिकीट लावून एक पाकीट त्यांच्याकडं ठेवून आले. आतल्या कागदावर दोनच ओळी लिहिल्यात, खाली उत्तराला जागा सोडून: आबा, सोमवारी गेलात का? जरीनाचं नाव लागलं की नाही, याच पाकिटातून कळवा.