टेसावरचा हक्क

रोज पहाटे शाळेची बस सुरू करण्याआधी व्हर्ना स्टूपाक सहाही चाकांना बुटाची लाथ मारून बघायची. हवा तपासायची तिची तीच पद्धत. शेवटच्या चाकाला मात्र दोन लाथा बसत. दुसरी वेंडेलच्या नावाची. घटस्फोटाला नऊ वर्षं झाली, तरी त्या लाथेचा जोर ओसरला नव्हता.

त्यांची मुलगी टेसा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. फी व्हर्ना एकटी भरायची. आठवडाभर बस, शनिवार-रविवार मोटेलातल्या चादरी धुणं. फेब्रुवारीत फीवरची करसवलत मागायला तिनं संगणकावर विवरणपत्र भरलं, तर ते परत आलं. ही मुलगी आपल्यावर अवलंबून आहे, असा हक्क दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या विवरणपत्रात आधीच सांगितला होता.

तिनं वेंडेलला फोन लावला.

"तू तिला कधी वहीसुद्धा घेतली नाहीस!"

"पण अर्ज मी आधी भरला ना! पैसे आलेसुद्धा. होडी घेतली मासेमारीला. ये एकदा, फिरवून आणतो."

"येईन. बुडवायला."

ओहायोतल्या त्या गावात सगळ्यांचाच समज होता, की जो आधी अर्ज करेल त्याला सवलत. व्हर्नाचाही होता. पण तिनं नियमांची पुस्तिका मागवली आणि मुलं शाळेत असताना रिकाम्या बसमध्ये ओळ न् ओळ वाचून काढली. मूल वर्षातला जास्त काळ ज्याच्या घरी राहतं, हक्क त्याचा. वसतिगृहातले महिनेही घरचेच धरतात. संगणक घेईना, म्हणून तिनं कागदी विवरणपत्र टपालानं धाडलं.

उन्हाळ्यात आयकर खात्याची पत्रं दोघांनाही आली. ज्याचं चुकलं असेल त्यानं सुधारावं, नाहीतर पुरावे द्यावेत.

"आई, सोड ना आता," टेसा म्हणाली. "बाबा फोनवर रडत होता."

"हो? कसा रडत होता? नीट सांग."

व्हर्नानं फीच्या पावत्या, दातांच्या डॉक्टरची पत्रं, घरचा पत्ता असलेला टेसाचा वाहन परवाना, सगळं पाठवलं. वेंडेलकडे पाठवायला काहीच नव्हतं.

नोव्हेंबरात तिचे पैसे आले. पुढच्याच आठवड्यात वेंडेल दारात उभा. हातात खात्याचं पत्र: घेतलेली रक्कम परत, वर दंड आणि व्याज.

"होडी विकावी लागेल गं. तू एवढं लिहून दे ना, की सवलत मी घ्यायची असं आपलं ठरलं होतं."

व्हर्नानं पत्र सावकाश वाचलं. दंडाची ओळ दोनदा. मग घडी घालून त्याच्या हातात परत दिलं.

"जाताना दार ओढून घे. हीटरची गरम हवा बाहेर जातेय."