महानंदा अक्का आणि बायकांच्या बाथरूमचा अर्ज

महानंदा अक्का पाणी न पिऊन मेली.

दुष्काळात पाणी नव्हतं म्हणून नाही. ऑफिसात बायकांना लघवीला जायला जागा नव्हती म्हणून.

असं उघड लिहिलेलं काही जणांना आवडणार नाही. नका लाइक करू.

आज अक्काचा स्मृतिदिन. सकाळी जुन्या स्टाफच्या ग्रुपवर कुणीतरी तिचा फोटो टाकला. खाली हात जोडलेले इमोजी. "हसतमुख व्यक्तिमत्त्व." "पुण्यात्मा."

ती कशानं गेली, ते एकानंही लिहिलं नाही.

म्हणून मी लिहिते.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. ऑफिसं निघत होती, बिल्डिंगा नव्हत्या. आमचं ऑफिस भाड्याच्या जागेत. खाली धान्याची आडत, वर आम्ही. मी रेणापूरहून एसटीनं अप-डाउन करायचे, वय बावीस. अक्का टायपिस्ट, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. उदगीरकडची, लिंगायत घरातली. कपाळाला विभूती, नमस्काराऐवजी 'शरणार्थ' म्हणायची. नवऱ्याचं छोटं किराणा दुकान, दोन मुली.

अख्ख्या ऑफिसात बायका आम्ही दोघीच.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "घरून चहा पिऊन आलीस?"

"हाव."

"उद्यापासून पिऊ नको. पाणी बी घरी गेल्यावरच पी. हितं जायला जागा न्हाई."

मागं एकच मुतारी, पुरुषांची. तिलाही दार नव्हतं.

मग अक्कानंच मार्ग काढला. बोळाच्या पलीकडं एक बाई राहायच्या. त्यांच्या न्हाणीत आम्ही दुपारी एकदा जाऊन यायचो. एकदाच. दोनदा जायची लाज वाटायची.

दोन वर्षं असं चाललं. मग पाऊस गेला तो गेलाच. नळ आठ-आठ दिवस येईना. एक दिवस त्या बाई दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "रागावू नका, पण आमालाच पाणी पुरंना झालंय. उद्यापासून येऊ नका."

खरंच होतं त्यांचं. त्यांना कशाला बोल लावू?

सकाळी आठला घर सोडायचं, संध्याकाळी सातला पोचायचं. मधे काही नाही. मी लहान होते, निभावलं.

अक्काला त्रास आधीपासून होता. लघवीला आग व्हायची, थंडी वाजून ताप यायचा. टायपिंग करता करता एका हातानं पोट दाबून धरायची. मग पुन्हा दोन्ही हात मशीनवर.

"डॉक्टरला दाखव ना, अक्का."

"उष्णता हाय. धने भिजवून पिते. त्या बाप्या डॉक्टरला काय सांगू, कुठं जळायलंय म्हणून?"

शेवटी एक दिवस तिनं अर्ज टाइप केला. 'स्त्री कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रसाधनगृह मिळणेबाबत.' खाली सही केली आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

"कर सही."

तेव्हा मला एक स्थळ आलं होतं. मुलाचा काका आमच्याच ऑफिसात. हा कागद टेबलाटेबलावर फिरणार, हे मला दिसत होतं.

"अक्का, मला लाज वाटती."

अक्कानं कागद उचलला आणि एकटी साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

दार उघडंच होतं. सगळ्यांनी ऐकलं.

"एकाच बाईची तक्रार दिसते. दुसऱ्या बाईंना काही अडचण नाही. आणि काय हो, जिल्ह्यात प्यायला पाणी नाही, तुम्ही बाथरूम मागता?"

बाहेर कुणीतरी हसलं. मी मान खाली घालून आवक-जावक रजिस्टर लिहीत राहिले.

चहाच्या वेळी तो अर्ज मोठ्यानं वाचला गेला. ठसक्यात. अक्का तिथंच होती.

ते स्थळ पुढं मोडलंच. हुंड्यावरून.

त्यानंतर अक्का डब्यासोबत घोटभरसुद्धा पाणी घेईना. कोरडी भाकरी चावत बसायची. ताप यायचा, दोन दिवस रजा, परत हजर. दोन-तीन वर्षं अशीच काढली. मग पाय सुजले. तोंड सुजलं. अन्न पोटात ठरेना. तेव्हा कुठं सोलापूरला नेलं. 'बायकांचं दुखणं' म्हणून नवरा बाहेर थांबला, आत मी गेले.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?"

"सुट्टीच्या दिवशी पिते."

"इतक्या वेळा ताप आला. इतकी वर्षं काय केलंत?"

"नोकरी केली."

दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दर वेळचं इन्फेक्शन वर वर चढत गेलं होतं. पहिल्या तापातच लघवी तपासली असती तर गोळ्यांवर भागलं असतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. साध्या गोळ्यांवर.

वॉर्डात तिच्या कॉटवर बसून मी म्हटलं, "अक्का, त्या दिवशी मी सही करायला पायजे होती."

मला वाटलं होतं, ती 'जाऊ दे' म्हणेल. मोठी होती ना माझ्यापेक्षा.

"हाव," ती म्हणाली. "करायला पायजे होती. दोन सह्या असत्या तर त्याला 'एकाच बाईची' म्हणता आलं नसतं."

मग धाकटीच्या परीक्षेचं बोलू लागली.

पाच महिन्यांनी गेली. ऑफिसात शोकसभा झाली. आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. साहेब म्हणाले, "अतिशय कर्तव्यदक्ष. दिवसभरात कधी जागेवरून उठायच्या नाहीत."

हे ते कौतुकानं म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.

मीही काही बोलले नाही.

पोरींनो, लघवीला आग होत असेल, थंडी-ताप येत असेल, तर आधी लघवी तपासून घ्या. मग लाजत बसा हवं तितकं.

अक्का, तुला श्रद्धांजली वाहायचा हक्क मला आहे का, माहीत नाही.

तरी वाहते. शरणार्थ.