थर्मामीटर झटकणारी सिस्टर

बारामतीत आमच्या मेडिकल नि एसटीडी बूथच्या वर बायकांचा दवाखाना होता. तिथल्या सिस्टरला ओव्ह्युलेशन, ट्यूब, हार्मोन सगळं तोंडपाठ होतं, पण पेशंटपुढं ती यातलं काही काढत नसे. आधी थर्मामीटर झटकायची, मग बोलायची. तिचा मला जरा धाकच होता.

एका गुरुवारी औषधं द्यायला वर गेलो, तर मोरगावकडची एक सासू सुनेसमोरच सांगत होती, "चार वर्षं झाली, हिला दिवस गेलं न्हाईत. आता पोराचं दुसरं लगीन लावते."

सिस्टरनं थर्मामीटर झटकला. "मावशी, घरी शेरडं हायती का?"

"हायती की. पंधरा."

"त्यातलं एक बी गाभण राहिलं न्हाय, तर काय करता?"

"बोकड बदलते," मावशी सवयीनं बोलून गेली. सुनेनं पदर तोंडाला लावला.

"मग पोराला आणा. त्याचं बी वीर्य तपासायचं हाय," असं म्हणत सिस्टरनं झाकणाची एक रिकामी बाटली तिच्यापुढं ठेवली.

मी मोठ्यानं हसलो. दोन वर्षं माझी बायकोही त्याच जिन्यानं एकटीच वर येत होती. सिस्टरनं माझ्याकडं बघत थर्मामीटर झटकला आणि दुसरी बाटली काढली.